एनके पेशी : दाता जुळणारा हवा की न जुळणारा?

नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे डॉक्टर मंडळींच्या बोलण्यातल्या एनके सेल, १९७५ च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी हाती लागल्या. आधीची कसलीही ओळख नसताना गाठीच्या पेशी मारणारी पांढरी पेशी अनेकांना पटेना. प्रयोगातली गफलत म्हणून ती काही काळ झटकलीही गेली. १९८६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून कारण पुढे आले. पेशीच्या अंगावर आपलेपणाची खूण (माणसात एचएलए) दिसली की एनके हात आखडते, खूण पुसलेली असली की मारते. टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या, खूण वाचून मारणाऱ्या पेशींना) चुकवायला कर्करोग नेमकी हीच खूण पुष्कळदा पुसतो.

त्याच दशकात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, इंटरल्यूकिन-२ हे पेशींना चेतवणारे प्रथिन औषध म्हणून देऊन परत सोडल्या गेल्या. मूत्रपिंडाच्या कर्करोगात आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात थोड्यांना गुण आला. पण औषधाच्या मोठ्या मात्रेने केशवाहिन्या पाझरत, रक्तदाब कोसळे. शिवाय स्वतःच्या एनकेला गाठीवर स्वतःचीच खूण दिसली तर ती थांबणारच.

खरा वाद २००२ चा. इटलीतल्या एका गटाने एचएलए अर्धेच जुळणाऱ्या नातलगाच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी, त्यांतल्या टी पेशी जवळपास सगळ्या काढून, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिल्या होत्या. ज्यांच्या शरीरात दात्याच्या एनकेला ओळखीची खूण सापडली नाही, त्यांच्यात एएमएल (रक्ताचा एक झपाट्याने वाढणारा कर्करोग) फार कमी वेळा उलटला. तोवर खोट समजला जाणारा बेमेळ एकदम गुण ठरला. पण इतर केंद्रांत तसे आकडे येईनात. कुठे टी पेशी काढलेल्या नव्हत्या, कुठे आधीची केमो वेगळी, आणि बेमेळ कशावरून ठरवायचा, रुग्णाच्या खुणांवरून की दात्याच्या जनुकांवरून, यावरही एकमत नव्हते. पुढे अमेरिकेतून आलेली स्वस्त रीत भारतात रुजली : प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचे औषध. ते त्या दिवसांत वाढत असलेल्या एनकेही मारते. तेव्हा इटलीचा नियम इथे जसाच्या तसा लावणे मला तरी पटत नाही. इंदूरच्या घरांत आता दोनच मुले, कधी एकच; पूर्ण जुळणारे भावंड मिळणे कठीण, म्हणून आई, वडील किंवा मूल हाच दाता. त्यात एनकेच्या हिशेबाने निवड करण्याइतकी चैन कुणाला?

२००५ मध्ये नातलगाच्या नुसत्या एनके पेशी दिल्यावर एएमएलच्या १९ पैकी ५ रुग्णांत रोग पूर्ण मागे हटला. २०२० मध्ये नाळेच्या रक्तातल्या एनकेला कृत्रिम ग्राहक (कर्करोगाची पेशी ओळखणारा रेणू) जोडून ११ जणांना दिले. ८ जणांना गुण आला, आणि कार-टी उपचारातली (तिथे असाच ग्राहक टी पेशींना जोडतात) सायटोकाइन या दाहक रसायनांची तीव्र प्रतिक्रिया कुणालाच झाली नाही. २०२४ मध्ये त्याच गटाने ३७ रुग्णांचे निकाल दिले : सुमारे निम्म्यांना प्रतिसाद, पण वर्षभर रोग न बळावलेले एक तृतीयांशच. नाळेचे रक्त २४ तासांच्या आत गोठवलेले असले तर निकाल चांगले होते.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती कार-टीला. त्यामुळे अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या इंदूरच्या रुग्णाने चौकशी त्याची करावी. ‘तुमच्याच एनके वाढवून देतो’ असे कुणी म्हणाले, तर १९८० च्या दशकात अडलेले कोडे तुम्ही कसे सोडवले, हे आधी विचारावे.