आवर्ती नक्षीचे सचेतनीकरण

एकच आकृती ठरावीक नियमाने अनेकदा मांडून झालेल्या नक्षीला मोशन ग्राफिक्सच्या (हलत्या आकृत्या व अक्षरांच्या) सॉफ्टवेअरमध्ये गती देण्याचे तंत्र. यात मूळ आकृती एकदाच काढतात. तिच्या प्रती सॉफ्टवेअर तयार करते आणि प्रतीच्या क्रमांकानुसार जागा, कोन, आकारमान किंवा वेळ बदलत नेते. सगळ्या प्रती सारख्याच हलल्या तर नक्षी नुसती सरकते. शेजारच्या दोन प्रतींत फरक पडला की ती जिवंत वाटू लागते. वाहिन्यांची बोधचिन्हे, शीर्षके व मंचामागील पडदे यांत हे तंत्र सर्रास आढळते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ १९२० च्या दशकातील जर्मन अमूर्त चित्रपटांत, म्हणजे व्हाल्टर रुटमान, व्हायकिंग एगेलिंग व हान्स रिख्टर यांच्या कामात आहे. रिख्टर यांच्या ‘ऱ्हिदमुस २१’चे साल नावावरून १९२१ धरण्याची प्रथा आहे, मात्र आज उपलब्ध असलेल्या रूपात तो दोन-चार वर्षांनंतर पूर्ण झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. साल कोणतेही धरले, तरी त्यात चौकोन लहानमोठे होतात, क्रमाने बदलत जाणारी प्रतींची मालिका नाही. त्या दृष्टीने अमेरिकन जॉन व्हिटनी (१९१७–९५) यांच्याकडे उगम नेणारे मत अधिक ग्राह्य वाटते. व्हिटनी यांनी विमानवेधी तोफांचा नेम साधणाऱ्या एम-५ या युद्धकालीन यंत्राचे रूपांतर अनुरूप (अ‍ॅनालॉग) संगणकात केले, १९६० मध्ये ‘मोशन ग्राफिक्स इन्कॉर्पोरेटेड’ ही कंपनी काढली आणि १९६१ मध्ये यंत्रावरील नमुन्यांचा ‘कॅटलॉग’ तयार केला. ‘मोशन ग्राफिक्स’ हा शब्दप्रयोग रूढ होण्याचे श्रेय बहुधा या कंपनीच्या नावाला देतात.

व्हिटनी यांचे सूत्र ‘विभेदी गती’ या नावाने ओळखले जाते : पहिला बिंदू एका वेगाने फिरला तर दुसरा दुप्पट, तिसरा तिप्पट. ६० बिंदूंपैकी पहिल्याचे अर्धे आवर्तन झाले की सगळे बिंदू दोन दिशांना गोळा होतात, एकतृतीयांशाला तीन दिशांना; मधल्या काळात ते विखुरलेले दिसतात. फरक वेगाऐवजी वेळेत ठेवण्याचे ठळक उदाहरण कॅनडाच्या नॉर्मन मॅक्लरेन यांच्या ‘पा द दू’ (१९६८) या लघुपटात आहे. त्यात नर्तकांची एकच हालचाल काही फ्रेमच्या (फिल्मवरील एकेका स्थिर चित्राच्या) अंतराने, अकरा वेळांपर्यंत, एकाच फिल्मवर छापली आहे. आजची बहुतेक साधने यांपैकी एका वाटेने जातात.

रिपीटर : आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर १९९३ मध्ये आले, शेप लेयर (आकृत्यांचा थर) आणि त्यातील रिपीटर (आकृतीच्या प्रती काढणारी क्रिया) २००७ च्या आवृत्तीपासून. रिपीटर लावताच तीन प्रती १०० पिक्सेलच्या अंतराने आडव्या दिसतात. वर्तुळाकार नक्षीसाठी आकृती केंद्रापासून, समजा, २०० पिक्सेल दूर न्यावी, रिपीटरमधील पोझिशन शून्य करावी, कॉपीज १२ व रोटेशन ३० अंश ठेवावे. आकृती केंद्रावरच राहिली तर बाराही प्रती जागच्या जागी एकमेकींवर बसतात. नवशिक्यांची ही नेहमीची चूक.

रिपीटरमधील बदल प्रत्येक प्रतीला पुनःपुन्हा लागू होतो. रोटेशन तीन अंश दिले तर दहाव्या प्रतीला २७ अंश मिळतात. म्हणून ६० प्रती ठेवून रोटेशन ० ते ३६० नेले की व्हिटनी यांची विभेदी गती आपोआप मिळते. मात्र हे आवर्तन सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने १० सेकंदांत उरकले तर शेवटची प्रत दर फ्रेमला सुमारे ८५ अंश उडी मारते आणि नक्षी नुसती लुकलुकते. ६० सेकंद दिले तर ही उडी १४ अंशांवर येते. स्केलचा (आकारमानाचा) मात्र गुणाकार होतो : ९७ टक्क्यांना साठावी प्रत मूळच्या सुमारे १७ टक्के राहते, ९० टक्क्यांना दिसेनाशी होते.

थरातील क्रियांच्या यादीत कोणती वर, कोणती खाली या क्रमालाही महत्त्व आहे. रंग भरण्याची क्रिया रिपीटरच्या वर असेल तर प्रत्येक प्रत स्वतंत्र रंगते. खाली असेल तर रंगछटा साऱ्या प्रतींवर मिळून एकच पसरते. विगल ट्रान्सफॉर्म (यादृच्छिक हालचाल देणारी क्रिया) रिपीटरच्या खाली, त्याच गटात ठेवून कोरिलेशन (प्रतींच्या हालचालींतील सारखेपणा) शून्य केले की प्रत्येक प्रत वेगळी हलते.

रिपीटरला प्रतीनिहाय वेळ मागेपुढे करता येत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. त्यासाठी प्रती स्वतंत्र लेयरवर ठेवून सूत्राने प्रत्येक लेयरला आधीच्याहून दोन फ्रेम (२५ च्या गतीला ०.०८ सेकंद) मागची किंमत वाचायला लावतात. सिनेमा ४डी या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये हे काम क्लोनर (प्रती काढणारा) व स्टेप इफेक्टर (प्रतीगणिक बदल करणारा) करतात. ते ज्या मोग्राफ संचाचे भाग आहेत, तो २००६ मध्ये आला आणि त्यासाठी पेर-अँडर्स एडवर्ड्स यांना २०१९ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

अखंड आवर्तन व दोष : बारा समान पाकळ्यांचे चक्र ३६० अंश फिरवण्याची गरज नसते, ३० अंशांनंतर चित्र पहिल्यासारखेच होते. पाकळ्या आलटून पालटून दोन रंगांच्या असतील तर ६० अंश लागतात. १०० फ्रेमच्या आवर्तनात (० ते ९९) दुसरी कीफ्रेम (जिथे किंमत ठरवून देतात ती खूण) १०० व्या फ्रेमवर हवी. ती ९९ वर ठेवली तर पहिली व शेवटची फ्रेम एकच होऊन दर फेरीला ठेच लागते.

फरश्यांसारख्या सलग नक्षीत सांध्यावर केसाएवढी रेघ उमटते. फरशीची कड अर्ध्या पिक्सेलवर आली की दोन्ही शेजारी तो पिक्सेल निम्मा-निम्मा झाकतात, पण एकावर एक बसल्याने मिळून ७५ टक्केच झाकला जातो आणि २५ टक्के पार्श्वभूमी डोकावते. मापे पूर्णांकात ठेवावीत किंवा फरश्या एक पिक्सेल एकमेकींवर चढवाव्यात.

१०० पिक्सेल अंतराच्या पट्ट्या दर फ्रेमला ५० पिक्सेल सरकल्या तर डोळ्याला दिशा कळत नाही. त्याहून वेगाने त्या उलट जाताना दिसतात. २५ पिक्सेलच्या आत राहणे सुरक्षित. नक्षी उघडझाप करणारी असेल तर प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या प्रेक्षकांसाठी सेकंदाला तीनपेक्षा अधिक लखलखाट टाळावेत, असा वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा निकष आहे.

सपाट नक्षीच्या सममितीचे १७ प्रकार फ्योदरोव्ह (१८९१) व पोल्या (१९२४) यांनी सिद्ध केले आहेत. सॉफ्टवेअरमधील तयार साधने त्यांतील मोजकेच देतात. उरलेल्यांसाठी रिपीटरवर रिपीटर चढवावा लागतो आणि आरशातील प्रतिमेसाठी स्केल उणे १०० टक्के ठेवावे लागते.