कोअर वाढले म्हणजे फ्रेम तेवढ्याच वाढतात का?

‘येणाऱ्या ग्राफिक्स कार्डात कोअर जितके टक्के जास्त, तितक्याच टक्के फ्रेम जास्त,’ हा निरोप तपकीर गल्लीत कार्ड पाहायला निघालेल्या पुणेकरांनाही येत असतो. कोअर म्हणजे कार्डातील गणिते करणारे छोटे घटक आणि फ्रेम म्हणजे गेममध्ये दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे; त्यामुळे हिशेब वरवर सरळ वाटतो. परंतु कोअरची रचना पिढीगणिक बदलते. एनव्हिडिया कंपनीच्या २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआय या कार्डात ४३५२, तर २०२० च्या आरटीएक्स ३०७० मध्ये ५८८८ कोअर होते. तरीही बहुतेक गेममध्ये दोन्हींचा वेग जवळपास सारखाच निघाला, कारण नव्या रचनेतील निम्म्या कोअरना पूर्णांकांची गणितेही सांभाळावी लागत होती आणि मेमरीची बँडविड्थ, म्हणजे माहितीची ने-आण करण्याचा वेग, सेकंदाला ६१६ ऐवजी ४४८ गिगाबाइटच होती. स्वतःच्या संगणकावर गेमचे रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) कमी करून पाहावे: फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडथळा बहुधा संगणकाच्या मुख्य प्रोसेसरचा असतो, आणि तो नव्या कार्डाने सुटत नाही.