पार्श्वभूमी : फुलीचा टाका, मॅटी आणि मैत्रिणीला द्यायची चौकट

मैत्रिणीच्या लग्नाला किंवा नव्या घराच्या वास्तुशांतीला क्रॉस स्टिचची, म्हणजे फुलीच्या टाक्याची, चौकट हाताने भरून द्यायचं ठरलं की पहिला घोळ होतो तो कापडाचा. म्हापसा असो की मडगाव, ‘मॅटी’ मागितली तर एक कापड पुढे येतं, ‘आयडा’ मागितलं तर दुसरं, आणि कधीकधी दोन्ही नावांनी एकच. या घोळाची मुळं टाक्याच्या इतिहासातच आहेत.

युरोपात हा टाका सजावटीइतकाच खुणेचा होता. चादरी, अभ्रे, हातरुमाल यांच्या कोपऱ्यात घराची आद्याक्षरं आणि अनुक्रमांक लाल दोऱ्याने फुल्याफुल्यांनी भरत, म्हणजे धुऊन आलेला कपडा कोणाचा ते कळे. लाल अशासाठी, की मंजिष्ठेच्या मुळापासून केलेला पक्का लाल रंग उकळत्या पाण्यालाही दाद देत नसे. पोर्तुगीज भाषेत हा ‘पोंतु द क्रूझ’. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या मिन्यु भागातल्या मुली आपल्या माणसाला भरून द्यायच्या त्या प्रेमाच्या रुमालांतले जुने रुमाल याच टाक्याचे. तेव्हा नाव भरून देण्याची रीत या टाक्याला मुळापासूनच चिकटलेली आहे.

गोव्यात मात्र ‘हे पोर्तुगीजांनी आणलं’ एवढ्यावर विषय मिटवतात, ते पटण्यासारखं नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात दिसणारं धर्मगुरूंच्या वस्त्रांवरचं काम जरीचं आहे. कापडातले चौकोन, म्हणजे घरं, मोजून भरायच्या फुलीशी त्याचा संबंध नाही. उलट घाट चढून धारवाडला गेलं की कसुती हे तिथलं पारंपरिक भरतकाम आहे. तिच्या चार टाक्यांपैकी ‘मेंथी’ म्हणजे सरळसरळ फुलीच, आणि तीही कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता भरायची. गोव्याच्या दोन्ही बाजूंना हा टाका होता. एकाच बाजूला श्रेय देणं अन्यायाचं आहे.

१९६१ नंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शिवणकामाच्या तासाला मुलींच्या हाती जे कापड पडे ते मॅटी, आणि तेच नाव तोंडात बसलं. मॅटी हे विणीचं नाव. चटईसारखे दोन-दोन किंवा अधिक धागे जोडीने वरखाली जातात. आयडाची वीणही त्याच कुळातली, पण त्यात प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांना सुईसाठी स्पष्ट भोक असतं, कापडाला खळ असते आणि मुख्य म्हणजे त्याचा काउंट ठरलेला असतो. १४ काउंट म्हणजे इंचात १४ घरं, १४ फुल्या. मॅटी मीटरवर मिळते आणि तिचा काउंट सहसा कुणी सांगत नाही. त्यातून तिची आडवी आणि उभी मोजणी सारखी असेलच असं नाही. इंचाला आडव्या १३ आणि उभ्या ११ फुल्या बसत असतील, तर ७८ फुल्यांचं वर्तुळ आडवं ६ इंच आणि उभं ७ इंचांहून जास्त होतं. नक्षीतली समईची गोल तबकडी अंड्यासारखी दिसते. म्हणून कापड कापण्याआधी एक-एक इंचावर टाचण्या टोचून दोन्ही दिशांनी घरं मोजावीत. मॅटी टाकाऊ आहे असं मुळीच नाही. वेलीची किनार, तोरण, अक्षरं यांत हा ताण डोळ्यांना जाणवत नाही, आणि मऊपणामुळे टेबलक्लॉथला ती आयडापेक्षा सरस.

आणखी एक घोळ ‘२८ काउंट’चा. साध्या समविणीच्या, म्हणजे इंचाला आडवे-उभे धागे सारखेच असलेल्या, कापडावर हा आकडा घरांचा नसून धाग्यांचा असतो. फुली दोन धाग्यांवर घेतात, म्हणजे भरताना ते १४ काउंटच. हे ठाऊक नसल्याने मंडळी अर्ध्या आकाराची भीती धरून कापड परत करतात.

८४ × ५६ घरांची नक्षी १४ काउंटवर ६ × ४ इंच होते, ११ काउंटवर साधारण ७.६ × ५.१. चारी बाजूंना ३ इंच सोडून १४ काउंटचं कापड १२ × १० इंच घ्यावं. कडा आधी कच्च्या टाक्याने बांधाव्यात. बोथट टोकाची २४ नंबरची सुई, सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर, लांबी हातभर. याहून लांब दोरा पिसारतो. ११ काउंटवर तीन पदर घेतले नाहीत तर फटीतून कापड दिसतं. एकूण ४,७०४ फुल्या. तासाला १०० धरल्या तर ४७ तास. चवथीला द्यायची भेट नागपंचमीला सुरू करून पुरी होणं कठीण.

वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेचा हवा. एक जरी उलटा पडला तरी उजेडात तेवढंच घर वेगळं चमकतं. गाठ नको, चौकटीत ती फुगते. मागून गडद दोरा तीन-चार घरांपलीकडे ओढला तर पांढऱ्या कापडातून रेघ दिसते.

अलीकडच्या छापील किटवर रंगखुणा पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या असतात. धुण्याआधी इस्त्री फिरवली तर ती शाई बसू शकते, मग निघत नाही. फोटोवरून संगणकाने काढलेल्या तक्त्यांत एकएकट्या रंगांच्या सुट्या फुल्या विखुरलेल्या असतात. पहिल्या कामाला ते घेऊ नयेत.

पावसाळ्यात रिंग रोज काढून ठेवावी आणि सुई कापडात टोचून ठेवू नये, गंजाचा डाग जात नाही. थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावं, पिळू नये. लाल रंग उतरला तर सुकू न देता पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळावं. काच कापडाला टेकली की आत ओल धरते आणि बुरशी येते. मध्ये पट्टी टाकून अंतर ठेवायला सांगावं.

राहिलं नाव. पुस्तकांतली रोमन अक्षरं ५ ते ७ घरांत मावतात. देवनागरीला तेवढी जागा पुरत नाही. एक ओळ शिरोरेघेची, खाली अक्षराची ७, वर वेलांटी-मात्रेला ३ आणि खाली उकाराला ३, म्हणजे १४ ओळी मोजून ठेवाव्यात. ‘क’ आणि ‘फ’ची वळणं निव्वळ फुल्यांनी चौकोनी दिसतात, तिथे एका पदराची उलटी टीप घालावी. शिरोरेघ शेवटी, एका दमात भरावी. अक्षरागणिक तोडून भरली तर जोडावर दोरा जाड दिसतो.