काँक्रीटची शोभेची कुंडी घरी करताना : साच्यासोबत वाचायची माहिती

साचा हातात आला की पहिली कुंडी लगेच ओतावीशी वाटते. तेवढी घाई करू नका. आधी प्लास्टिकच्या दोन-तीन लहान डब्यांत थोडा थोडा माल, म्हणजे पाण्यात कालवलेले सिमेंट आणि वाळू, भरून नमुने करा. माल फसला तरी मूठभर सिमेंटच वाया जाईल. प्रत्येक नमुन्यात एकच गोष्ट बदला: कधी पाणी, कधी वाळू, कधी रंग. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर बिघाड कशामुळे झाला ते कळायला मार्ग उरत नाही. काय बदलले ते मार्करने नमुन्याच्या तळावर लिहून ठेवा. कागदाच्या चिठ्ठ्या हरवतात.

किती माल लागेल

बाहेरचा साचा पाण्याने भरा आणि ते पाणी मोजा. आतल्या साच्याचेही तसेच मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे लागणारा माल. बाहेरच्यात ३ लिटर आणि आतल्यात २ लिटर मावत असेल तर १ लिटर माल हवा. त्यासाठी साधारण ६५० ग्रॅम सिमेंट, १३०० ग्रॅम बारीक वाळू आणि २९० मिलिलिटर पाणी लागते. सगळे वजनावर घ्या, डब्याच्या मापाने नको. भिंत २० ते २५ मिलिमीटर जाड ठेवली तर एवढ्या मिश्रणात खडीची गरज पडत नाही.

खरी गोम पाण्यात आहे

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते कडक बनते. या क्रियेला लागते त्याहून जास्त घातलेले पाणी नंतर उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. अशी कुंडी दिसायला ठीक असते, पण काठाला नख लावले की भुगा निघतो. त्यामुळे माल साच्यात नीट उतरत नाही म्हणून वरून पाण्याची धार सोडू नका. सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी कधीच नको.

आता वाळूकडे बघा. वाळू नुसती दमट असली तरी तिच्यात वजनाच्या ५ टक्के पाणी सहज असते. १३०० ग्रॅम वाळूत ते ६५ मिलिलिटर होते, म्हणजे ठरलेल्या २९० मिलिलिटरच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. तेच प्रमाण, तोच साचा, तरी एक कुंडी टणक आणि दुसरी ठिसूळ निघाली, तर आम्ही आधी वाळूबद्दलच विचारतो. उन्हात पसरून वाळू कोरडी करून घ्या. तळहातावर चोळून पाहा; हात मातकट झाला तर वाळू धुऊन मगच वाळवा.

माल कालवताना सिमेंट आणि वाळू आधी कोरडेच एकजीव करा. पाण्यातले चौथाई हाताशी ठेवून बाकीचे घाला, मग लागेल तसे थोडे थोडे सोडा. माल मुठीत दाबला तर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये.

ओतताना

साच्याला तेलाचा हात फिरवा आणि जास्तीचे तेल फडक्याने पुसून घ्या. तेल साठलेल्या जागी कुंडीवर डाग आणि खळगे येतात. तळाच्या भोकासाठी दिलेला रबरी बूचही तेल लावूनच बसवा. भोक नंतर ड्रिलने पाडता येते, पण बिट बाहेर पडते त्या बाजूचा टवका उडतो.

आतला साचा वर तरंगतो, आणि नवख्यांना याचे फार आश्चर्य वाटते. ओला माल पाण्याच्या दुपटीहून जड असतो, त्यामुळे २ लिटरचा साचा जवळपास साडेचार किलोच्या जोराने वर ढकलला जातो. त्यात काठोकाठ कोरडी वाळू भरली तरी सव्वातीन किलोच होतात. म्हणून वाळूच्या वर वीट ठेवा किंवा आडवी पट्टी बांधा. आधी तळाचा थर घालून तो ठोकून घ्या, मग आतला साचा मधोमध बसवा आणि बाजूंनी माल थोडा थोडा भरा. प्रत्येक थरानंतर बाहेरून रबरी हातोडीने किंवा नुसत्या मुठीने ठोकत राहा. हवेचे बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतील. ते थांबेपर्यंत ठोका. गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तर आधी साच्याच्या आतून पातळ सिमेंटचा एक हात ब्रशने लावा. आम्हाला मात्र थोडी छिद्रे असलेली कुंडीच जास्त देखणी वाटते.

रंग हवा असेल तर ऑक्साइडचा घ्या. सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत पुरे. १० टक्क्यांच्या वर गेल्यास मजबुती कमी होते. लाल, पिवळा आणि काळा आयर्न ऑक्साइड टिकतो. साधा अल्ट्रामरीन निळा सिमेंटच्या अल्कलीपुढे टिकत नाही, फिका पडतो. फिक्या छटांना पांढरे सिमेंट लागते. ओल्या मालाचा रंग पाहून फसू नका, वाळल्यावर तो बराच उजळतो.

साच्यातून काढणे आणि पाणी मारणे

साधारण २४ तासांनी आतला साचा काढा. बाहेरचा आणखी एक दिवस राहू द्या. आतल्याला उशीर केलात तर काँक्रीट आकसून त्याला गच्च धरते. थंडीत मात्र दोन्हींना जास्त वेळ द्या. काठ पहिल्या दिवशी कच्चे असतात, त्यामुळे कुंडी काठाला धरून उचलू नका.

मग ओले फडके गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा आणि किमान ७ दिवस ओल टिकवा. पूर्ण ताकदीचा हिशोब २८ दिवसांचा धरतात. उन्हात वाऱ्याला ठेवलेल्या ताज्या कुंडीला केसासारख्या बारीक भेगा पडतात, त्या बुजवूनही दिसत राहतात.

मोठ्या कुंडीत जाळी घालतात. या युक्तीचे श्रेय माळ्यांनीच घ्यावे: फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट १८६७ मध्ये घेतले होते. जाळी भिंतीच्या मधोमध हवी, पृष्ठभागाजवळ आली की गंजते.

रोप लावण्याआधी

ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच १२ च्या वर जातो. कुंडी पाण्यात बुडवून ठेवा आणि आठवडाभर रोज पाणी बदला. अझेलिया, अनंत अशा आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांसाठी आतून सीलर (छिद्रे बुजवणारा लेप) लावा किंवा दुसरी कुंडी निवडा. पुढे बाहेरून पांढरी झाक आली तर ती बुरशी नव्हे. आतला चुना पाण्यासोबत वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतो, त्याचा तो थर. कोरड्या ब्रशने बराचसा निघतो. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरनेही निघेल, पण लगेच धुवा, नाहीतर पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसेल.

जपून

ओले सिमेंट त्वचा भाजते आणि ते लगेच जाणवतही नाही. रबरी हातमोजे घाला. कोरडे सिमेंट ओतताना आणि कुंडी घासताना मास्क लावा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. घमेले धुतलेले पाणी मोरीत सोडू नका, पाइपात सिमेंट बसते.

एवढे करूनही काही बिघडले तर आम्हाला तीन गोष्टी कळवा: सिमेंट, वाळू आणि पाणी किती ग्रॅम घेतले, साचा किती तासांनी काढला, आणि मोडलेल्या काठाचा जवळून घेतलेला फोटो. नुसत्या «तडकली» वरून आम्हालाही काही सांगता येत नाही.