संख्यात्मक मजकूर-विश्लेषण (ग्रामसभेच्या संदर्भात)

जाहीरनामे, सभागृहातील भाषणे, ग्रामसभेची इतिवृत्ते अशा मजकुरातले शब्द मोजून त्यावरून राजकीय भूमिका किंवा चर्चेचे विषय ताडण्याची राज्यशास्त्रातील पद्धत. लेव्हर, बेनॉइट व गॅरी यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘वर्डस्कोर्स’मध्ये भूमिका आधीच ठाऊक असलेल्या जाहीरनाम्यांवरून शब्दांना गुण देतात आणि त्या गुणांवरून नव्या जाहीरनाम्याची भूमिका ठरवतात. स्लॅपिन व प्रोक्श यांच्या ‘वर्डफिश’ला (२००८) असे नमुने लागत नाहीत. मोजणीसाठी ‘आर’ या संगणकभाषेतील ‘क्वांटेडा’ हे मोफत साधन बरेच वापरतात.

साधन आठवड्याभरात हाताखाली येते. मजकुराशी मात्र बराच काळ झटावे लागते. विदर्भातील खेड्यांत ‘वावर’ म्हणजे शेत. वनखात्याच्या कागदात तोच शब्द ‘वाघाचा वावर’ असा येतो. ‘डुकरांनी वावर तुडवलं’ आणि ‘परिसरात वाघाचा वावर’ ही वाक्ये यंत्र एकाच खात्यात टाकते. मराठीचे विभक्तिप्रत्यय ही दुसरी अडचण. ‘पाणी’, ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’ हे यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात. म्हणून ‘पाण’ एवढाच तुकडा धरला, तर पाणंद (शेताकडे जाणारे) रस्तेही पाणीप्रश्नात जमा होतात. गावकरी त्या रस्त्याला ‘पांदण’ म्हणतात, सरकारी योजनेत ‘पाणंद’ असते. म्हणजे हीच मागणी बोलण्यात एका नावाने, कागदावर दुसऱ्या.

त्याहून मोठी अडचण लिहिणाऱ्याची आहे. ग्रामसभेतली तासभराची हमरीतुमरी इतिवृत्ताच्या वहीत ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढीच उरते. ‘सर्वानुमते’ किती वेळा आले हे मोजून गावातील एकमत कळत नाही, फार तर लेखनिकाची सवय कळते. तमिळनाडूतील ग्रामसभांवरील २०१९ चा अभ्यास मात्र प्रत्यक्ष बोलण्याच्या शब्दशः नोंदींवर केला होता. स्त्रियांना बोलायला, विषय ठरवायला आणि अधिकाऱ्यांकडून नेमके उत्तर मिळायला पुरुषांपेक्षा कमी वाव मिळतो, असे त्यात आढळले. वहीतल्या ठरावांवरून हे निघणे अवघडच होते.

नवशिक्याने आधी शंभरेक परिच्छेद हाताने वाचून विषयवार लावावेत. दुसऱ्यानेही ते स्वतंत्रपणे लावावेत, आणि दोघांचे किती जुळते ते कोहेनच्या कप्पा-गुणांकाने (योगायोगाने जुळण्याची शक्यता वगळून सहमती मोजणारा आकडा) तपासावे. दुसरा त्याच तालुक्यातला असला तर उत्तम. मेळघाटात कोरकूत किंवा गडचिरोलीत गोंडीत झालेले बोलणे वहीत मराठीत उतरले असेल, तर मोजणी अनुवादाची होते, हे निष्कर्षातच लिहावे. तळटीप पुरत नाही.