अन्नखर्च आणि सकस आहार (बेळगाव सीमाभाग)

अन्नखर्च आणि सकस आहार : खाद्यपदार्थांच्या किमती, घरातली मिळकत आणि प्रौढ माणसाच्या ताटात प्रत्यक्ष पडणारे पोषण यांचा परस्परसंबंध. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या मराठी-कन्नड मिश्र वस्तीच्या तालुक्यांत तो विशेष पाहण्यासारखा आहे. पश्चिमेला खानापूरचा पावसाळी डोंगर, तिथला भात आणि नाचणी. उत्तरेला घटप्रभा-कृष्णेकाठचा ऊस. पूर्वेला जोंधळ्याची काळी रानं. बेळगाव तालुक्यातली रताळी, कोबी, गाजरं दूरच्या बाजारांत जातात आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांतली बरीचशी भाजी इथूनच घाट उतरते. एवढे पिकते तिथे चांगले खाणे सोपे असायला हवे होते. ते सोपे नाही, आणि ‘सकस म्हणजे महाग’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण अर्धेच खरे आहे.

मिळकत जितकी कमी, तितका तिच्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये मांडले. भारतात २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात हा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ३९ टक्के आढळला. ग्रामीण घराच्या खर्चात तृणधान्याचा हिस्सा ५ टक्क्यांच्याही आत होता. पेये, बाहेरचे खाणे आणि तयार पदार्थ यांचा मात्र साडेनऊ टक्क्यांच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार, नुसत्या पिष्टमय धान्यावर पोट भरण्याच्या तुलनेत सकस आहाराला जगभरात सरासरी पाचपट खर्च येतो. या तुलनांमध्ये एक मेख असते. किंमत उष्मांकामागे मोजली की तेल, साखर, मैदा आणि तांदूळ स्वस्त ठरतात, पालेभाजी महाग ठरते. पण मेथी कोणी उष्मांकांसाठी खात नाही. तिची किंमत लोह आणि चोथ्यामागे मोजली तर हिशेब वेगळा येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० उष्मांकांसाठी दिवसाचे ताट सांगितले आहे : तृणधान्य व भरडधान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. चार प्रौढांच्या घराला हे ताट लावून पाहावे. रोज सव्वा लिटरच्या आसपास दूध, दीड किलोच्या वर भाजी, आणि महिन्याला दहा किलो डाळ! बेळगावातल्या वडगाव-शहापूरचा मागावरचा विणकर किंवा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फाउंड्री कामगार किराणा दुकानातून तूरडाळ पावशेरने नेतो, तेल लहान पाकिटातून. आठवड्याचा पगार हातात येईपर्यंत मोठे माप घेता येत नाही, आणि लहान मापाला दर जास्त पडतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, १ एप्रिल २०२५ ला राज्यात नंदिनी दूध लिटरमागे ४ रुपयांनी वाढले; अशा वेळी ताटातून काय कमी होते ते सांगावे लागत नाही. भात तेवढाच राहतो.

भात राहतो, कारण तो रेशनचा असतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या अन्नभाग्य योजनेने कर्नाटकातल्या गरीब घरांना धान्याची हमी दिली. जुलै २०२३ पासून माणशी ५ किलो वाढीव धान्याऐवजी किलोला ३४ प्रमाणे १७० रुपये खात्यावर जमा होत होते. २०२५ मध्ये पैशांऐवजी तांदूळच देण्याचे ठरले. उपाशी झोपण्याची वेळ या योजनेने टाळली, तिचे मोल कमी लेखू नये. परंतु फुकटच्या तांदळाशेजारी विकतचा जोंधळा ठेवला की जोंधळा हरतो, आणि त्याच्याबरोबर बरेच काही हरते. भारतीय खाद्यघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या, पॉलिशच्या तांदळात तंतू (चोथा) सुमारे २.८ ग्रॅम, जोंधळ्यात सुमारे १०.२ ग्रॅम. तेवढ्याच नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तांदळात १० मिलिग्रॅमही नाही.

जोंधळा हरण्याचे दुसरे कारण भावफलकावर दिसत नाही. भाकरीसाठी दळण गिरणीत न्यावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते, म्हणून थोडे थोडेच दळायचे. मग ऊन पाण्यात मळायचे, परातीत थापायचे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे, उलटायचे, फुगवायचे, आणि पहिली उतरेपर्यंत दुसरीचा गोळा हातात. सहा माणसांच्या भाकऱ्यांना तासभर जातो. कुकरला तीन शिट्ट्या पुरतात. निपाणीकडच्या विडी कामगार बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. तिच्यासाठी तो तास म्हणजे न वळलेल्या विड्या. भाकरीची खरी किंमत काढताना जोंधळ्याच्या भावात हा तास मिळवला पाहिजे. आहारखर्चाचे बहुतेक हिशेब तो मिळवत नाहीत, आणि ही त्यांतली मोठी चूक आहे.

याच भागात सकस आणि स्वस्त असे अन्न होते, अजूनही आहे. भाताच्या काढणीनंतर बेळगावभोवतीच्या काळ्या रानात राहिलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा येतो. मसुरीची आमटी, हुलग्याचे (कुळथाचे) पातळ माडगे, नाचणीची आंबील, कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी ही कष्टकऱ्यांच्या घरची रोजची जेवणे. खानापूरच्या रानात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळू पैसे न देता मिळतात. बाजारातही कामावरून परतणाऱ्या बायका दिवेलागणीची वाट पाहतात : सकाळी पालेभाजीच्या एका पेंडीला जो भाव असतो त्यात तेव्हा दोन येतात, पाने थोडी मलूल असली तरी. आंबील-माडग्याला मात्र गरिबीचा शिक्का बसला. पाहुण्यापुढे ते ठेवायला घरची बाई संकोचते, आणि बिस्किटाचा पुडा फोडते. हुलगे महाग झाल्याने जेवढे मागे पडले नाहीत, तेवढे या संकोचाने पडले.

परिणाम शरीरावर दोन्ही बाजूंनी दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातील १५ ते ४९ वयोगटातल्या जवळजवळ ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि सुमारे ३० टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. पोट भरलेले आणि रक्त कमी, असे एकाच शरीरात होऊ शकते. भात, साखरेचा चहा आणि पामतेलात तळलेल्या भज्यांनी तेच होते. बाहेर काम करणाऱ्या पुरुषांचा नाष्टा बहुधा असाच असतो. कर्नाटक सरकारच्या इंदिरा कँटीनमध्ये ५ रुपयांत नाष्टा आणि १० रुपयांत जेवण ठेवले गेले. त्याचा आधार शहरातल्या मजुराला होतो, गावातल्या बाईपर्यंत तो पोचत नाही.

उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणातला खर्च घराचा असतो, माणसाचा नाही. पावशेर डाळीतली मूठभर शिजवून तिची आमटी सहा जणांना पुरवायची असते. कामावर जाणाऱ्याला पळी तळातून घालतात, मुलांना त्यानंतर. कोणी अवचित आले तर आमटीत तांब्याभर पाणी वाढते आणि वरून तिखट. सगळ्यांची पाने उचलल्यावर घरची बाई बसते, तेव्हा पातेल्यात डाळीचे पाणी उरलेले असते आणि भात भरपूर असतो.