पिन गन आणि स्पॉटर: फरक अर्थचा (करंट परत नेणाऱ्या वाटेचा) आहे, किमतीचा नाही

गाडीचा डेंट ओढायला पत्र्यावर पिन वेल्ड करणारी गन घेऊ का वॉशर वेल्ड करणारा स्पॉटर, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "दोन्ही एकच रे, स्वस्त मिळेल ते घे". एकच नाहीत. आणि एकच समजून वापरल्यामुळे चांगल्या गाड्यांच्या पत्र्याला भोकं पडतात, त्यावर पुट्टी थापली जाते आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथेच फोड येतो. हे बघून बघून वैताग आलाय म्हणून एकदा नीट लिहितोय.

स्लाईड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन मागे आपटून ओढायचं अवजार) काय असतो, क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आतून हात जात नाही म्हणून बाहेरून ओढावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. पूर्वी भोक पाडून स्क्रू घालून ओढायचे, आता भोकाऐवजी वेल्डिंग, एवढंच. दोन्ही मशिनमध्ये ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज अगदी थोड्यावर आणतो आणि करंट प्रचंड वाढवतो, मग पिन किंवा वॉशर जिथे पत्र्याला टेकतो तिथे रेझिस्टन्स जास्त म्हणून तिथेच तापून चिकटतं. रंग न घालवता ग्लूने ओढतात ते काम पूर्ण वेगळं, त्यालाही दुकानदार "डेंट पुलर"च म्हणतात, पण वेल्डिंग आलं म्हणजे रंग गेलाच, त्यात सुटका नाही.

दिसणारे फरक झटकन सांगतो. पिन एकदाच वापरायची, वॉशर पिळून काढला की परत वापरता येतो. पिन गन हातात मावते, स्पॉटर ट्रॉलीवर किंवा जमिनीवर. स्पॉटरला वॉशर, नागमोडी तार, टोकदार बिट (गनच्या तोंडात बसणारा तुकडा) असं बरंच लागतं. झालं, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता खरा मुद्दा, करंट परत कुठून जातो.

पिन गनचं तोंड नीट बघा. मधे पिन बसते आणि तिच्याभोवती तांब्याची रिंग असते. पिन रिंगच्या थोडी पुढे, स्प्रिंगवर. गन दाबली की पिन आत सरकते आणि रिंग पत्र्याला टेकते, म्हणजे करंट पिनमधून पत्र्यात आणि तिथूनच बाजूच्या रिंगमधून परत गनमध्ये. सगळा प्रवास बोटभर जागेत संपतो, म्हणून वेगळा अर्थ क्लॅम्प लागत नाही. पण मग नुसत्या पिनच्या टोकाएवढा ठिपका घासून भागत नाही, रिंग जिथे बसणार तेवढी सगळी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची. आणि गन सरळ काटकोनात. तिरकी धरली तर रिंग एका कडेवर टेकते, ठिणगी उडते, पत्र्यावर काळा खड्डा पडतो आणि पिन दोन ठोक्यांत हातात येते. ट्रिगर सोडल्यावरही क्षणभर गन दाबूनच ठेवा, लाल टोक थंड व्हायच्या आधी हलवलं की जोड तिथेच फाटतो.

स्पॉटरला दोन केबल असतात. एक गनची, दुसरी अर्थची. करंट बिटमधून पत्र्यात जातो आणि पत्र्यातून चालत चालत अर्थ जिथे लावलाय तिथपर्यंत जातो. वाटेत जिथे संपर्क कच्चा असेल तिथेही तापतं, मशिनला काय माहीत तुमचा डेंट कुठे आहे. दरवाज्याचा डेंट काढताय आणि अर्थ बॉडीला लावलाय, म्हणजे सगळा करंट बिजागरीतून जाणार. बॉनेट, फेंडर, डिकीचं झाकण सगळ्यांना हेच लागू. मी तर व्हील बोल्टला अर्थ लावून दरवाजा ओढताना बघितलेत लोक! बोल्टने बसवलेल्या पॅनलचा अर्थ त्याच पॅनलवर, डेंटजवळ, रंग आणि प्रायमर घासून उघड्या पत्र्यावर. क्लॅम्पला धरायला कड नसेल तर अर्थची तांब्याची पट्टी घासलेल्या जागी घट्ट दाबून धरायची, शेजारी एक वॉशर मारायचा आणि अर्थ त्यात अडकवायचा.

हे एवढं का ताणतोय? कारण वॉशर नीट चिकटत नाही म्हटलं की शंभरातले बहुतेक जण पहिलं काम करतात ते टायमर, म्हणजे करंट किती वेळ द्यायचा ते, वाढवायचं. उष्णता करंटच्या वर्गावर चालते, अर्थ ढिला असल्यामुळे करंट निम्मा झाला तर उष्णता चौथाईच राहते. तुम्ही टायमर वाढवत नेता, तेवढ्यात क्लॅम्प जरा हलतो, नीट बसतो, करंट पूर्ण येतो आणि वाढवलेल्या टायमरवर पाऊण मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला आरपार भोक. सेटिंग चुकीचं नव्हतं, अर्थ चुकीचा होता. लांबलचक बारीक एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच, व्होल्टेज पडतं, जोड कच्चा लागतो आणि दोष मशिनला. सोळा अँपिअरचा सॉकेट, जाड तांब्याची वायर, तीही आखूड. आणि सुरुवात कायम कमी टायमरवर, त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर एक मारून बघा. ओढल्यावर पत्र्याचा छोटा डोंगर उभा राहतो पण जोड तुटत नाही, मागच्या बाजूला डाग पडतो पण भोक नाही, तेवढं बास.

घ्यायचं काय? महिन्याला दोन-चार डेंट आणि तेही बारीक, तर पिन गन घ्या, काही वाईट नाही. रोजचं गॅरेज असेल तर माझं मत ठाम आहे, स्पॉटरच. बाईक घासून गेल्यावर दरवाज्यावर जी लांब रेघ पडते ती एकेका पिनने ओढत बसलात तर चाळणीसारखे उंचवटे येतात. रेघेवर ओळीने वॉशर मारायचे, त्यातून सळई घालायची, सगळं एकदम हळूहळू ताणायचं आणि ताण कायम ठेवून बाजूचा फुगवटा हातोडीने हलका बसवायचा. पत्रा परत येतो तो त्या टिचकीने, दणादण हॅमर ओढून नाही. पिन काढतानाही लोक हलवून हलवून मोडतात, पत्र्याचा तुकडा सोबत येतो. कटरने कापा, उरलेला ठोंब ग्राइंडरने घासा.

ॲल्युमिनियमच्या पॅनलवर या दोन्ही मशिन चालत नाहीत. तिथे कपॅसिटर डिस्चार्जवाली (साठवलेली वीज एका क्षणात सोडणारी) वेगळी स्टड, म्हणजे पिन, मशिन आणि ॲल्युमिनियमचेच स्टड लागतात. लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तर मशिन बाजूला ठेवा.

बॅटरीची निगेटिव्ह काढणं, पेट्रोलच्या नळीजवळ आणि आतल्या फोम-कापडाजवळ वेल्डिंग न करणं, हे सांगावं लागू नये. पण एक गोष्ट चांगले चांगले डेंटरही सोडतात. प्रत्येक पिन किंवा वॉशरच्या मागे पत्र्याच्या आतल्या बाजूचा प्राइमर आणि झिंक जळालेला असतो, बाहेरून कितीही सुंदर रंग मारा, गंज आतून लागणार. बाहेर उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर, मग पुट्टी, रंग, रंग सुकवायचा ओव्हन, आणि सगळं झाल्यावर दरवाज्याच्या किंवा क्वार्टरच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. ओव्हनच्या आधी मारलंत तर ते गरम होऊन खाली वाहून जातं, खालची पाणी जायची भोकं बुजतात आणि डाग तसेच उघडे राहतात.